डाळिंबासाठी छोट्या ट्रॅक्टरला ब्लोअर घेताय? उचलायचा की ओढायचा

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा पट्ट्यात चार एकर भगवा डाळिंब आणि दारात २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर असला, की ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेने औषध झाडात मारणारं फवारणी यंत्र, घेताना चर्चा टाकीवरच अडकते. हायड्रॉलिकवर उचलायचा २०० लिटरचा माउंटेड घ्यावा, की चाकांवरचा ६०० लिटरचा ओढायचा? मी दोन्ही चालवलेत. आमच्या मुरमाड रानात ओढायचा आहे, मेहुण्यांच्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात उचलायचा. माझं म्हणणं एवढंच, की टाकी शेवटी बघा. आधी ओळीच्या टोकाला वळायला जागा किती सुटलीय ते बघा, आणि पाऊस उघडल्यावर रानात पाय किती रुततो ते बघा.

टाकीचा हिशेब सोपा आहे. ओळींत १५ फूट, म्हणजे साडेचार मीटर अंतर धरलं तर एकराला साधारण ९०० मीटर चालावं लागतं. ताशी ३ किलोमीटरने १८ मिनिटं. एकरी ४०० लिटर पाणी मारायचं तर नोझलमधून मिनिटाला २२ लिटर पडलं पाहिजे. २०० लिटरची टाकी नऊ मिनिटांत संपते. चार एकरांना आठ वेळा भरा. ६०० लिटरला तीन भरण्यांत काम होतं. इथं ओढायचा सरळ जिंकतो, आणि दहा एकर बाग असेल तर मी दुसरा विचारही करणार नाही.

पण भरलेला ६०० लिटरचा ब्लोअर वजनाला छोट्या ट्रॅक्टरच्या बरोबरीला येतो, कधी त्याहून जड भरतो. उतारावर तो मागून ढकलतो. बांधापर्यंत झाडं लावलेली असतील तर वळताना एकतर शेवटचं झाड मोडतं, नाहीतर पुढं-मागं करत बसावं लागतं. शिवाय वळणावर पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या शाफ्टने ब्लोअरला देणारी जोडणी, बंद करावाच लागतो. शाफ्ट जास्त तिरका होऊन फिरला तर त्याच्या सांध्यातला क्रॉस तुटतो. माउंटेड ब्लोअर ट्रॅक्टरबरोबर जागच्या जागी वळतो. त्याचा दोष वेगळा: सगळं वजन मागच्या चाकांच्याही मागं लटकतं, पुढचा भाग हलका होतो आणि चढावर स्टेअरिंग ऐकत नाही. पुढं वजनं लावा, आणि जमलं तर चारही चाकं ओढणाराच ट्रॅक्टर घ्या. १५ एचपीच्या ट्रॅक्टरवर माउंटेड टांगायच्या आधी त्याची उचलक्षमता आणि पीटीओला मिळणारी ताकद दोन्ही विचारा. इंजिनाची सगळी ताकद पीटीओपर्यंत पोचत नाही.

आता चिखल. मृग बहर, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचा बहर, धरला असेल तर हीच सगळ्यांत मोठी गोष्ट. तेल्या रोगाचे जिवाणू पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर पानावरून पानावर, फळावर जातात. म्हणून पाऊस उघडला की फवारणीला थांबून चालत नाही, आणि नेमकं तेव्हाच काळं रान गाडी आत घेत नाही. एका जुलैत घाई करून आमचा ओढायचा ब्लोअर मेहुण्यांच्या बागेत घातला. दुसऱ्याच ओळीत त्याची चाकं आसापर्यंत गेली. टाकीतलं औषध बॅरलमध्ये उपसून मग तो बाहेर काढला. दिवस गेला आणि दोन ओळींच्या ठिबकच्या नळ्या तुटल्या. काळ्या रानात माउंटेडच घ्या. तरीही जुना एचटीपी, म्हणजे पाइप लावून हातातल्या गनने मारायचा जास्त दाबाचा पंप, आणि पाइप विकू नका. दोन दिवस ट्रॅक्टर आत जाणारच नाही, तेव्हा बांधावरून गन मारून बाग वाचते. सांगोल्याच्या मुरमाड रानात पाणी लवकर निचरतं, तिथं ही अडचण फारशी येत नाही.

कोणताही घ्या, चालवायची रीत एकच. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर पक्का ठेवायचा आणि वेग गिअरने कमी करायचा, ॲक्सिलरेटरने नाही. डिझेल वाचवायला फेऱ्या उतरवल्या, की पंख्याचा जोर फार झपाट्याने पडतो. फेऱ्या दहा टक्के उतरल्या तर हवेमागची ताकद पाव हिश्श्याहून जास्त घटते. मग बाहेरची पानं चकचकीत ओली दिसतात आणि आतल्या फांद्या कोरड्याच राहतात. खात्री करायची तर झाडाच्या पोटात चार ठिकाणी कागद स्टेपल करा आणि नुसतं पाणी मारून बघा. औषध कोणतं आणि कधी, याला केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच सोलापूर जिल्ह्यात आहे, तिथं विचारा.

शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून टाकलेले ट्रॅक्टर मी गावोगाव बघतो, आणि दरवेळी जीव घाबरतो. उपरण्याचं टोक किंवा साडीचा पदर त्यात सापडला तर माणूस सुटत नाही. नोझल तुंबलं तर आधी पीटीओ बंद, मग इंजिन बंद, मगच खाली उतरा.

डेमो मागताना टाकी पाण्याने काठोकाठ भरायला लावा, आणि रस्त्यावर नाही, तुमच्या बांधालगतच्या शेवटच्या ओळीत वळवून दाखवायला सांगा.