पिंग की एनएसलुकअप?

ब्राउझर ‘साइट सापडत नाही’ म्हणाला की बहुतेक जण थेट राउटर बंद-चालू करतात. त्याआधी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग आणि एनएसलुकअप या दोन कमांड चालवून बघा. दोष वाटेत आहे की पत्त्यात, ते लगेच कळतं.

पिंग जुनं आणि साधं: दुसऱ्या संगणकाला हाक मारायची आणि उत्तर येतं का बघायचं. माइक मूस यांनी ते १९८३ साली लिहिलं. ‘पिंग ८.८.८.८’ टाइप केल्यावर उत्तरं आली, तर गूगलच्या सर्व्हरपर्यंतची वाट मोकळी आहे. एखाद्या साइटकडून उत्तर आलं नाही तर मात्र ती बंदच आहे असं धरू नका. बरेच सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत.

एनएसलुकअप वाट तपासतच नाही. ते डीएनएस सर्व्हरला, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला, थेट विचारतं, ‘या नावाचा आयपी (आकडी पत्ता) काय?’ नावाचा घोळ असेल तर माझा भरवसा यावरच, कारण सर्व्हर बदलून विचारता येतं. नावानंतर १.१.१.१ लिहिलं की क्लाउडफ्लेअर या कंपनीचा डीएनएस सर्व्हर उत्तर देतो. तिथे पत्ता मिळाला आणि नेहमीच्या सर्व्हरकडून मिळाला नाही, तर सेटिंगमधला डीएनएस बदला.

कधी एनएसलुकअप बरोबर पत्ता देतं आणि पिंग त्याच नावाला भलताच दाखवतं. कारण एनएसलुकअप होस्ट्स फाइल (संगणकातलीच नावं-पत्त्यांची यादी) आणि विंडोजची कॅश (आधी मिळालेल्या पत्त्यांचा साठा) या दोन्ही टाळून जातं. पिंग त्या वापरतं. अशा वेळी कॅश रिकामी करायला ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ चालवा. तरी जुनाच पत्ता आला तर होस्ट्स फाइल बघा, कुणीतरी चाचणीसाठी टाकलेली ओळ तिथे राहिलेली असू शकते. ती पुसायला नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावं लागतं.