तळघराची ओल: बाहेरून चर की आतून पंप?

कोणालाही पैसे देण्याआधी एक फुकटची तपासणी करा. ओल्या भिंतीवर हातभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून बंद करा. दोन दिवसांनी थेंब भिंतीकडच्या बाजूला दिसले तर पाणी मातीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर ती हवेतली वाफ. तिच्यासाठी चर खणू नका, वारा खेळता ठेवा.

मातीतून येत असेल तर आपल्या इंदूरची काळी माती आठवा. ती पाणी धरून फुगते आणि लवकर सोडत नाही. तळघर खणताना भिंतीभोवती राहिलेली जागा मिस्त्री त्याच मातीने भरतो. सभोवती घट्ट जमीन, मध्ये पोकळ भराव. म्हणजे घर घंगाळात बसवल्यासारखंच. साठलेल्या पाण्याचा दाब दर मीटर खोलीला चौरस मीटरमागे एक टनाने वाढतो. आतून मारलेला वॉटरप्रूफ लेप म्हणूनच टिकत नाही, पाणी त्याला मागून ढकलतं. माझ्या मामांनी दोनदा मारला, दोन्हीदा गणपतीच्या आत पोपडे. तो पर्याय इथेच सोडतो.

बाहेरचा चर म्हणजे रोगाच्या मुळाशी जाणं. पायाशेजारी, तळघराच्या फरशीपेक्षा खाली पण फुटिंगच्या (पायाच्या सर्वात खालच्या रुंद भागाच्या) तळाखाली कदापि नाही, असा चार इंची भोकांचा पाइप. भोकं खालच्या बाजूला, उतार मीटरला किमान एक सेंटिमीटर, भोवती धुतलेली गिट्टी आणि त्या सगळ्याला पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं जिओटेक्स्टाइल कापड. कापड वाचवलं तर बारीक चिकणमाती काही वर्षांत पाइप बुजवते. भिंतीला बाहेरून मेंब्रेन (पाणी अडवणारा थर), भराव मुरुमाचा, वर घरापासून बाहेर उतरता कोबा. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात आणि पहिल्या सरीचं पाणी त्यातून थेट पायाशी जातं, म्हणून कोबा हवाच. पाइपाचं दुसरं तोंड मात्र सखल जागी उघडायला हवं. तशी जागा नसेल तर बाहेर खणूनही शेवटी पंप लागतोच.

आतल्या पद्धतीत फरशी कडेने तोडून पाइप टाकतात, पाणी खड्ड्यात आणतात, पंप ते उपसतो. खर्च बराच कमी. भिंत मात्र ओलीच राहते, आणि धो धो पावसातच वीज जाते. इन्व्हर्टर, फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणारा) आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (उपसलेलं पाणी परत येऊ न देणारा) धरूनच हिशोब करा. दर जूनला खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पंप चालतो का ते बघायचं.

नवं बांधकाम किंवा तिन्ही बाजूंनी मोकळा प्लॉट असेल तर मी बाहेरचाच चर निवडेन, विचारही करणार नाही. रामबागेसारख्या जुन्या वस्तीत शेजाऱ्याची भिंत लागून असते, तिथे बाहेर खणणार कुठे? तिथे आतलं काम.

दोन्हींच्या आधी गच्ची बघा. शंभर चौरस मीटर गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे 5000 लिटर पाणी, आणि पन्हाळीचा पाइप बहुतेक घरांत ते पायाशीच सोडतो. तीन मीटर लांब न्या. पाणी जिरवायचा खड्डाही भिंतीला खेटून खणू नका. हौसेने खणलेले तसे खड्डे मी पाहिलेत.

बाहेरचं काम ठरलंच तर मृगाआधी चर बुजवून व्हायला हवा. उघड्या चरात पाऊस शिरला की काळ्या मातीच्या कडा ढासळतात, आणि गिट्टीत चिखल मिसळला की सगळी उपसून धुवावी लागते.