झिरो अॅल्युमिनियम सांगून तुरटी विकली आणि वर डिटॉक्सच्या नावाखाली काख सोलून काढली

नॅचरल डिओ घ्यायचा विचार चालू असेल तर आधी हे वाचा, कारण इन्स्टावर दर चार रीलमागे ती जाहिरात येतेय आणि माझ्या ऑफिसातल्या अजून दोघी ऑर्डर टाकायच्या बेतात होत्या. ब्रँडचं नाव टाकत नाही, तक्रार चालू आहे, पण वर्णनावरून ओळखाल.

कॉम्बो होता, 1,149 रुपयांचा. बांबूच्या डबीत 'मिनरल क्रिस्टल' आणि काचेच्या बरणीत डिटॉक्स क्रीम. जाहिरातीत भल्या मोठ्या अक्षरात झिरो अॅल्युमिनियम, आणि एक बाई सांगते की नेहमीच्या डिओतलं अॅल्युमिनियम काखेतून आत जातं आणि कॅन्सर होतो. आता हे सिद्ध झालेलं नाही बरं का, अमेरिकन कॅन्सर सोसायटीसुद्धा म्हणते की असा स्पष्ट संबंध दिसलेला नाही, आणि आपल्याकडच्या साध्या डिओ स्प्रेमध्ये बऱ्याचदा अॅल्युमिनियम नसतंच, ते असतं घाम रोखणाऱ्या अँटीपर्स्पिरंट रोल-ऑनमध्ये. पण आधी घाबरवायचं आणि मग विकायचं हा धंदाच आहे यांचा.

पार्सल आलं तेव्हा बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी तो क्रिस्टल खिडकीच्या उजेडात धरला, जिभेला टेकवून बघितला आणि म्हणाले, "अगं ही तुरटी आहे, दाढी झाल्यावर सलूनवाला फिरवतो ती." मला वाटलं गंमत करतायत. मग खोकं उलटंपालटं करून बघितलं तर तळाला बारकोडच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं, पोटॅशियम अॅलम. म्हणजे तुरटीच, आणि तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अॅल्युमिनियमचं सल्फेट! ज्याची भीती घालून विकलं तेच डबीत भरलेलं. कस्टमर केअरला विचारलं तर म्हणे मॅम हे नॅचरल अॅलम आहे, याचे मॉलिक्यूल मोठे असतात, स्किनमध्ये जात नाहीत. अहो मग झिरो कशाला लिहिता?

तुरटी वाईट नाही हां, उलट वासावर चांगली चालते. ताज्या घामाला फारसा वास नसतोच, काखेतले बॅक्टेरिया तो खातात आणि मग वास येतो, तुरटी त्या बॅक्टेरियांना आवरते. घाम मात्र ती अँटीपर्स्पिरंटसारखा थांबवत नाही, मे महिन्यात ठाण्याहून फास्ट लोकलला लटकून गेलात की ब्लाऊज ओला होणारच. पण किराणा दुकानात वीस रुपयांना खडा मिळतो, तो घासून गुळगुळीत करून डबीत बसवला की 649?

क्रीमचा प्रकार याहून चलाख. जाहिरातीत सांगतात की केमिकल डिओ सोडल्यावर काख डिटॉक्स व्हायला तीन-चार आठवडे लागतात, त्या काळात खाज, लाली, पुरळ आलं तर थांबू नका, टॉक्सिन्स बाहेर पडतायत. मला खाज लगेचच सुरू झाली, मग आग, मग कातडी काळपट होऊन सोलायला लागली, ब्राची पट्टी लागली तरी डोळ्यात पाणी. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले तर उत्तर, "मॅम धिस इज अ गुड साइन, प्लीज कंटिन्यू." आणि पैसे परत करायची मुदत किती? दहा दिवस!! म्हणजे बघा, चार आठवडे त्रास होणारच असं आधी डोक्यात भरवून ठेवायचं आणि दहाव्या दिवशी दार बंद.

स्किनच्या डॉक्टरांनी बरणी हातात घेऊन घटक वाचले, दुसऱ्याच नंबरवर बेकिंग सोडा. म्हणाल्या कातडी थोडी आम्लधर्मी असते, पीएच पाचच्या आसपास, सोडा आठच्या वर, रोज चोळला की वरचा थर बिघडतो, आणि शेव्हिंगनंतर लावला तर बघायलाच नको. टॉक्सिन्सचं विचारलं तर हसल्याच, ते काम लिव्हर-किडनीचं, काखेचं नाही. क्रीम बंद, काही दिवस औषध, मग आग थांबली. डाग अजून आहेत.

त्यांनीच अजून एक दाखवलं, बरणीवर मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबरच नव्हता. कॉस्मेटिकवर तो लागतो, घटकांची यादी आणि बॅच नंबरही. तुमच्याकडे असं काही आलं तर बरणी, खोकं, चॅट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, काहीही फेकू नका, त्वचेचे फोटो तारखेसकट काढा. लेबलची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाते, पैशांसाठी 1915, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ऑनलाइन विक्रीच्या 2020 च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो, हे वाक्य मेलमध्ये टाकल्यावरच माझ्याशी बोलणाऱ्याचा सूर बदलला, तोपर्यंत नुसतं मॅम मॅम चालू होतं.

आत्तापर्यंत क्रिस्टलचे 649 परत आलेत. क्रीमचे नाहीत, त्याबदल्यात कूपन पाठवलंय, वीस टक्के ऑफ, त्याच क्रीमच्या मोठ्या बरणीवर.