मॅव्हरिक की सांता क्रूझ? मिनेसोटाच्या हिवाळ्यासाठी छोटी पिकअप निवडताना

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, पिकअप घ्यायचीय, पण ते भलंमोठं धूड नको. मॅव्हरिक आणि सांता क्रूझवर येऊन अडकलोय. तू सांग." तो मिनिआपोलिसजवळ राहतो. घरी बायको आणि साडेतीन वर्षांची लेक, गराजमध्ये सुतारकामाचा पसारा. मी या राज्यात वीस हिवाळे गाडी चालवलीय. फोनवर तासभर बोललो तरी अर्धं सांगायचं राहिलंच, म्हणून सगळं इथे लिहून काढतोय. याच दोन गाड्यांपाशी अडकलेले आपले आणखीही लोक असणार.

आधी दोघींची कुळकथा. फोर्ड मॅव्हरिक आणि ह्युंदाई सांता क्रूझ दोन्ही २०२१ मध्ये आल्या, २०२२ चं मॉडेल म्हणून. मॅव्हरिक मेक्सिकोत एर्मोसियोला बनते, सांता क्रूझ अलाबामात माँटगोमरीला. जुन्या छोट्या पिकअप शिडीसारख्या चासीवर उभ्या असायच्या. आमच्या सेंट पॉलच्या कारखान्यात २०११ च्या डिसेंबरपर्यंत बनणारी फोर्डची रेंजर त्यातलीच. या दोघी मात्र एसयूव्हीच्या घडणीवर बेतल्या आहेत, मॅव्हरिक एस्केपच्या आणि सांता क्रूझ टूसॉनच्या. दोघींना चार दारं, मागे खरीखुरी सीट आणि सामानाला उघडा हौदा. मॅव्हरिकचा हौदा ५४ इंच लांब, सांता क्रूझचा तळाशी ४८ इंचांच्या आसपास. प्लायवूडचा आख्खा आठ फुटी पत्रा दोघींतही मागचं फळकूट पाडूनच न्यावा लागतो, त्यामुळे सुतारकामाच्या नावाखाली यावर फार डोकेफोड करू नका.

डोकेफोड करायचीच तर हीटरच्या बटणांवर करा. हे ऐकून भाचा हसला होता. त्याच्या लेखी सुरक्षितता म्हणजे एअरबॅग आणि पाच स्टार, आणि हीटर म्हणजे आराम. इथल्या जानेवारीत हे दोन वेगळे विषय राहत नाहीत.

सकाळी सातला उणे वीस सेल्सियसला घरातून निघालात असं समजा. लेक मागे बसलीय, तिच्या बुटांना चिकटलेला बर्फ रबरी मॅटवर वितळतोय. तिघांचे श्वास, ओले कोट, हातात कॉफी. ही सगळी ओल हवेत चढते आणि गार काचेवर आतून धरते. तुम्ही आय-९४ या महामार्गाच्या रॅम्पवर आहात, वेग वाढवताय, आणि समोरची काच कडेकडून पांढरी होत मध्याकडे सरकतेय. ताशी साठ मैलांच्या वेगाला गाडी सेकंदाला सत्तावीस मीटर जाते. त्या घडीला डीफ्रॉस्टचं, म्हणजे काच साफ करणाऱ्या गरम हवेचं, बटण हाताला किती लवकर सापडतं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

माझ्यावर अशी वेळ एकदा भाड्याच्या गाडीत आली. हीटरचं सगळं स्क्रीनमध्ये, आणि स्क्रीनवर त्या वेळी नकाशा उघडलेला. हातात जाड मोजे. बोट टेकवलं तर काही होईना. दातांनी मोजा ओढून काढला, मेनू शोधला, बाणाचं चिन्ह दाबलं. डोकं वर केलं तेव्हा पुढच्या ट्रकचे लाल दिवे अगदी अंगावर आले होते. ब्रेक लागला, वाचलो. पण त्या दिवसापासून कुठल्याही गाडीत बसलो की आधी हात पुढे करून नॉब चाचपतो.

माझं हे खूळ नव्हे. स्वीडनच्या 'व्ही बिलागरे' या वाहन मासिकाने २०२२ मध्ये नेमकं हेच मोजलं होतं. ताशी ११० किलोमीटरला चालवताना सीट गरम करणं, तापमान दोन अंश वाढवणं, डीफ्रॉस्ट लावणं, रेडिओ बदलणं अशी नेहमीची कामं चालकाला करायला लावली. २००५ च्या जुन्या व्होल्वोत ती दहा सेकंदांत, ३०६ मीटरांत आटोपली. सगळ्यात मागे पडलेल्या स्क्रीनवाल्या गाडीला जवळपास पंचेचाळीस सेकंद लागले. तेवढ्यात गाडी १,३७२ मीटर पुढे गेली होती.

आता या दोघींकडे याच नजरेने पाहा. गंमत अशी की २०२५ च्या मॉडेलला दोघींनी जागांची अदलाबदल केलीय. २०२२ ते २०२४ च्या मॅव्हरिकमध्ये स्क्रीन लहान, आठ इंची, आणि तिच्याखाली हीटर-एसीचे ठसठशीत नॉब आणि बटणं. मोजे न काढता, न बघता फिरवता येतात. त्याच वर्षांच्या सांता क्रूझच्या वरच्या ट्रिममध्ये, म्हणजे महागड्या आवृत्तीत, गुळगुळीत, बोट टेकवायची काळी पट्टी होती, गोल नॉब एकही नाही. दिसायला देखणी, पण मोज्याला दाद देत नाही, आणि बोट नेमकं कुठे पडलं हे पाहिल्याशिवाय कळत नाही. लोकांनी तक्रारी केल्या. २०२५ ला ह्युंदाईने डॅशबोर्ड नव्याने केला आणि नॉब, बटणं परत आणली. त्याच वर्षी फोर्डने मॅव्हरिकला १३.२ इंची स्क्रीन दिली आणि हीटरची बरीचशी कामं त्या स्क्रीनच्या खालच्या पट्टीत ढकलली.

म्हणून "मॅव्हरिक बरी की सांता क्रूझ" या प्रश्नाला, नुसतं नाव घेऊन, या बाबतीत उत्तरच नाही. आधी साल सांगा. जुनी घेणार तर नॉब मॅव्हरिककडे, नवी घेणार तर सांता क्रूझकडे. नवी मॅव्हरिकच आवडली असेल, तर शोरूममध्ये बसल्या बसल्या डीफ्रॉस्टचं स्वतंत्र बटण हाताला कुठे लागतं ते शोधा. मोजे घालून शोधा, आणि नजर समोरच्या भिंतीवर ठेवून शोधा.

पुण्या-मुंबईहून आलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. तिकडे धूळ-धुराला कंटाळून आपण आतलीच हवा फिरवायचं बटण कायम दाबून ठेवतो. ती सवय हाताला लागलेली असते. इथे हिवाळ्यात तेच बटण काचेवर वाफ धरवतं, कारण आतली ओल आतच फिरत राहते. डीफ्रॉस्ट लावलं की गाडी बाहेरची कोरडी हवा घेते, ती तापवून काचेवर सोडते, आणि फार कडक थंडी नसेल तर हवा सुकवायला एसीचा कॉम्प्रेसरही चालवते. हिवाळ्यात एसीचा दिवा लागलेला बघून घाबरून बंद करू नका.

धडकेच्या चाचण्यांबद्दल. एनएचटीएसए ही सरकारी रस्तेसुरक्षा संस्था स्टार देते. समोरच्या धडकेची तिची चाचणी म्हणजे ताशी ३५ मैलांनी सबंध नाक भिंतीवर. यातले स्टार साधारण सारख्या वजनाच्या, म्हणजे अडीचशे पौंडांच्या आतबाहेरच्या गाड्यांमध्येच एकमेकींशी ताडायचे. तुमच्या पाच स्टारच्या छोट्या पिकअपवर समोरून फोर्डची भलीमोठी एफ-१५० आली, तर ते पाच स्टार तिथे कामाचे नाहीत. विमा कंपन्यांची संस्था आयआयएचएस आपल्या चाचण्या अधिक कठीण करत आलीय. २०१२ पासून नाकाचा फक्त पाव भाग ताशी ४० मैलांनी कडक अडथळ्यावर आदळवतात. बाजूच्या धडकेत आता ४,२०० पौंडांचा गाडा ३७ मैलांनी येऊन बसतो, आधी तो ३,३०० पौंडांचा आणि ३१ मैलांचा होता.

भाच्यासाठी यातली एकच ओळ मला महत्त्वाची वाटते. २०२२ च्या शेवटी आयआयएचएसने नाकाचा ४० टक्के भाग आदळवायच्या जुन्या चाचणीत चालकाच्या मागच्या सीटवरही एक पुतळा बसवायला सुरुवात केली, लहान चणीच्या बाईएवढा किंवा बारा वर्षांच्या मुलाएवढा. पुढच्या सीटचे पट्टे आणि एअरबॅग वर्षानुवर्षं सुधारत गेले, मागची सीट मागेच राहिली, हे त्यातून उघड झालं. रेंजर, टॅकोमा, फ्रंटियर अशा पाच छोट्या पिकअप २०२३ मध्ये या चाचणीतून गेल्या, आणि एकीलाही 'गुड' हा सगळ्यात वरचा शेरा मिळाला नाही. या दोघी त्या पाचांत नव्हत्या. पण तुमची लेक मागे बसणार आहे, म्हणून एकूण शिक्का न बघता नेमक्या सालाच्या पानावर मागच्या प्रवाशाची ओळ उघडा आणि दोघींची शेजारी ठेवून वाचा.

धडक टाळणाऱ्या साधनांत सांता क्रूझ पहिल्यापासून उदार आहे. आपोआप ब्रेक दोघींनाही सगळ्या ट्रिममध्ये. पण लेन सोडताना स्टिअरिंग सावरून धरणारी सोय सांता क्रूझच्या अगदी खालच्या ट्रिमलाही होती, मॅव्हरिकच्या सुरुवातीच्या वर्षांत ती आणि आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्याची सूचना वेगळ्या पॅकेजात पैसे मोजून घ्यावी लागे. जुनी मॅव्हरिक बघताना ते पॅकेज आहे का, हे विक्रेत्याला आधी विचारा. आणि बर्फ पडत असताना दिव्यांवर हात फिरवून घ्या. एलईडी दिवे बर्फ वितळण्याइतके तापत नाहीत, तो तसाच चिकटून राहतो.

आता थंडी आणि धडक खऱ्या अर्थाने जिथे एकत्र येतात ती जागा. लहान मुलाला फुगीर जॅकेट घालून कार सीटमध्ये बांधायचं नसतं. धडकेत जॅकेटमधली हवा दबते, पट्टा सैल पडतो, आणि मूल त्यातून सुटू शकतं. घरीच करून बघा. लेकीला जॅकेटसकट बांधा, पट्टा घट्ट ओढा, मग पट्ट्याची लांबी न बदलता तिला सोडवून जॅकेट काढा आणि पुन्हा बांधा. खांद्यापाशी केवढी ढील राहते ते बघून पोटात गोळा येतो. म्हणजे मूल पातळ स्वेटरवर बसवायचं, वरून घोंगडी टाकायची, आणि तोवर केबिन गरम झालेली हवी. फोनवरून गाडी आधीच सुरू करता येणं इथे उपयोगी पडतं. फक्त गराजच्या बंद दाराआड कधीही नको, आणि सायलेन्सरच्या नळीवर बर्फ साचलेला नाही ना, हे पाहूनच.

हायब्रिडच्या मोहात पडलेल्यांनी हेही जाणून घ्यावं. मॅव्हरिक हायब्रिडचा आकडा सुंदर आहे, २०२२ ला शहरात ४२, हायवेला ३३ मैल प्रति गॅलन. सांता क्रूझ दोन्ही मिळून २३ च्या आसपास. पण हीटरची ऊब इंजिनच्या गरम पाण्यातून येते. हायब्रिड ज्या इंजिनाला सिग्नलवर बंद करून पेट्रोल वाचवते, त्यालाच जानेवारीत ऊब द्यायला पुन्हा चालू व्हावं लागतं. त्यामुळे हिवाळ्यात तो ४२ विसरा. सीट आणि स्टिअरिंग गरम होण्याची सोय असेल तर ती घ्या, त्यांना वीज थोडी लागते आणि केबिनचं तापमान दोन अंश कमी ठेवूनही चालतं. २०२४ पर्यंत हायब्रिडला फक्त पुढची चाकं ओढायची, २०२५ पासून चारही चाकांना ताकद देणारी हायब्रिड मिळू लागली. चारचाकी ओढ असो वा नसो, बर्फाचे टायर मात्र घालाच. थांबायला तेच लागतात.

जुनी घेणार असाल तर व्हीआयएन, म्हणजे गाडीचा १७ अक्षरी-अंकी ओळख क्रमांक, एनएचटीएसएच्या साइटवर टाका आणि कंपनीने दोष काढायला गाडी परत बोलावली असेल तर ते काम पुरं झालंय का बघा. जुलै २०२२ मध्ये फोर्डने एस्केप, कोर्सेअर आणि मॅव्हरिक मिळून लाखभर अडीच लिटरच्या हायब्रिड परत बोलावल्या होत्या, इंजिनात बिघाड झाला तर तेल-वाफा साठून आग लागण्याचा धोका होता. मार्च २०२३ मध्ये ह्युंदाई-किआने २०२२-२३ च्या सांता क्रूझसह साडेपाच लाखांवर गाड्या बोलावल्या, ट्रेलर जोडायच्या वायरिंगमध्ये पाणी शिरून शॉर्ट होत होतं, तेही गाडी बंद असताना. घराला चिकटलेल्या गराजमध्ये ती रात्रभर उभी करणाऱ्याने हे हलक्यात घेऊ नये.

भाच्याला मी असं सांगितलं. नवी घ्यायची ऐपत असेल आणि रोजचा प्रवास वीस मैलांच्या आतला असेल, तर २०२५ किंवा त्यापुढची सांता क्रूझ घे, नॉबसाठी आणि लेन सावरणाऱ्या सोयीसाठी. रोज साठ मैल कापायचे असतील, तर पेट्रोल वाचवायला २०२३-२४ ची मॅव्हरिक एक्सएलटी, म्हणजे मधली ट्रिम, शोध, सुरक्षेचं पॅकेज असलेली. स्वस्तात मिळाली म्हणून २०२२ ची वरच्या ट्रिमची सांता क्रूझ घेऊ नकोस, ती काळी पट्टी तुला दर हिवाळ्यात छळेल.

तो शनिवारी दोन्ही बघायला जातोय. हातमोजे आणि लेकीची कार सीट, दोन्ही बरोबर न्यायला बजावलंय. कार सीट मागे बसवून तिचा वरचा पट्टा कुठे अडकवायचा तेही तिथेच करून बघ म्हटलं.