कॅसेट संगणकात उतरवायची: यूएसबीचा डबा की जुना डेक?

घरातल्या कॅसेटी संगणकावर घ्यायच्या ठरल्या की दोन वाटा दिसतात. एक म्हणजे यूएसबीवाला कॅसेट प्लेयर: वायर जोडायची, बटण दाबायचं, फाइल तयार. दुसरी म्हणजे जुना चांगला डेक (कॅसेट वाजवणारं नि भरणारं यंत्र), त्याच्या लाइन-आउट या आवाज बाहेर काढणाऱ्या खोबणीतून ऑडिओ इंटरफेस, म्हणजे तो आवाज संगणकाला पोचवणारी पेटी, आणि संगणकावर ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर. मी दोन्हींवर बरंच काम केलं आहे. आमच्या घरात गाणं आहे, तेव्हा माझा कल कुठून येतो हे वाचताना ध्यानात असू द्या.

आधी हे पाहा की तुमच्याकडचं काय खरोखर उतरवायला हवं. एचएमव्हीच्या जुन्या रेकॉर्डींवरची पुष्कळ गाणी सारेगामाने आता डिजिटल स्वरूपात आणली आहेत. ती तिथे नीट ऐकू येत असतील तर तुमच्या सुईने पुन्हा काढण्यात फारसं हशील नाही. पण घरच्या मैफलीची, गणेशोत्सवातल्या गाण्याची, आजोबांच्या कीर्तनाची कॅसेट जगात एकच असते. वेळ आणि पैसा तिच्यावर घालावा. म्हणून इथेही कॅसेटींबद्दलच जास्त लिहितो आहे.

माझा निर्णय झाला तो पट्टीवरून, म्हणजे गाणारा ज्या सुराला आपला षड्ज मानतो त्यावरून. आमची आत्या काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात गायची. तिच्या घरगुती बैठकींच्या कॅसेटी मी प्रथम यूएसबीच्या डब्यातून उतरवल्या. ऐकायला बऱ्या वाटल्या. मग भाची त्या फायलींवरून एक बंदिश बसवायला लागली. तिने तंबोरा काळी चारला लावला, तर आत्याचा षड्ज त्याच्या वर. तिच्या लगेच वरच्या पांढरी सहाला लावला, तर खाली. सूर दोन्हींच्या मधोमध अडकला होता. पेटीवर तर असा सूर सापडणारच नाही.

कारण साधं आहे. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकली पाहिजे. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की सूर एका पट्टीने चढतो. तीन टक्क्यांनी वाढला तर अर्ध्याने, आणि तिथेच सगळी पंचाईत होते. बोलण्यात हा फरक कळत नाही, कीर्तनातही पटकन जाणवणार नाही. पण तंबोऱ्यासमोर बसलं की लगेच टोचतो, आणि गळ्याचा पोतही बदलतो. आत्याचा आवाज किंचित कोवळा, किंचित घाईचा झाला होता. ज्यांनी तिला ऐकलं नाही त्यांना तोच खरा वाटला असता, याचं मला जास्त वाईट वाटलं.

मूळ टेपरेकॉर्डरच चुकीच्या वेगाने चालला असेल, ही शंका रास्त आहे. म्हणून मी सीडीवरही असलेली कंपनीची एक कॅसेट दोन्ही यंत्रांवर लावून पाहिली. डेकवर ती सीडीशी जुळली, डब्यावर चढीच राहिली. वेग नंतर ऑडॅसिटीत कमी करता येतो, हेही खरं. पण तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच चुकला असेल तर. माझ्या हाती आलेल्या डब्यात एका बाजूच्या सुरुवातीचा षड्ज आणि शेवटचा षड्ज वेगळा येत होता. अर्ध्या तासाच्या ख्यालात अशी दुरुस्ती कुठवर करत बसायची? डेकवर मात्र मोटारीच्या मागे वेगाचा बारीक स्क्रू होता. तो एकदा लावून घेतला, त्यानंतर सूर हलला नाही. सगळे डबे असेच असतील असं म्हणवत नाही; कुणाला चांगला मिळालाही असेल.

डेकचा दुसरा फायदा हेडचा, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाचा. प्रत्येक टेपरेकॉर्डरचं हेड जरा वेगळं कललेलं असतं आणि त्यावर भरलेली कॅसेट दुसरीकडे वाजवली की आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. डेकमध्ये हेडशेजारचा स्क्रू पाव फेरा फिरवला की तबल्याची किनार मोकळी होते. बंद डब्यात तिथवर हातच पोचत नाही. शिवाय मी वापरलेला डबा शांतता आली की नवी फाइल सुरू करायचा, त्यामुळे विलंबित आलापाचे तुकडे पडले.

आता डब्याच्या बाजूने. तुमच्याकडे मुख्यतः भाषणं, कथाकथन, नातवंडांचे बोबडे बोल असतील आणि कॅसेटी थोड्या असतील, तर तो घ्यायला माझी हरकत नाही. स्वस्त आहे, जागा खात नाही, घरातलं कुणीही चालवू शकतं. डेक मात्र शोधावा लागतो, आणि मिळाला तरी आतला रबरी पट्टा बहुधा चिकट होऊन वितळलेला असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारत फिरायची तयारी हवी. तिसरा पर्याय दुकानात देण्याचा. पण आत्याची पट्टी कोणती हे दुकानदाराला कुठून कळणार? आणि एकुलती एक कॅसेट घराबाहेर देणं माझ्या जिवावर येतं.

रेकॉर्डींचं गणित थोडं वेगळं आहे. एलपीसाठी बऱ्या प्रतीचा यूएसबी टर्नटेबल मला चालला. सुईचा क्षीण आवाज वाढवणारा प्री-अँप्लिफायर आतच असतो, वेगळा जोडावा लागत नाही. फक्त सुटकेसच्या आकाराचे स्वस्त टर्नटेबल टाळा, त्यांची सुई तबकडीवर फार जड बसते. ७८ च्या तबकड्या असतील तर सुई वेगळी लागते, कारण त्यांची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते. एलपीची सुई तळाशी घासत जाते आणि खरखर तेवढी उचलते. त्या तबकड्या लाखेच्या असतात, म्हणून त्या पुसायला स्पिरिट कधीही वापरू नका, लाख विरघळते. इथेही पट्टीचा प्रश्न येतोच. फार जुनी ध्वनिमुद्रणं नेमकी ७८ फेऱ्यांनी झालेली असतीलच असं नाही, म्हणून वेग कमीजास्त करायची सरकती कळ असलेला टर्नटेबल मिळाला तर तोच घ्या.

डेकच्या वाटेने जायचं ठरलं, तर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर भरा. साठ मिनिटांच्या कॅसेटची फाइल साधारण एक जीबी होते. फ्लॅक या फाइलप्रकारात ठेवली तर ती बरीच आटते आणि आवाजातलं काही जात नाही. आवाजाची पातळी थोडी खालीच ठेवा, तार सप्तकातली एखादी तान फाटली तर ती पुन्हा शिवता येत नाही. सळसळ काढायचा मोह आवरा, तिच्याबरोबर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झंकारही जातो. मूळ फाइल तशीच राखून वेगळ्या प्रतीवर काय ते प्रयोग करा.

आणि पहिली कॅसेट डेकमध्ये घालण्याआधी तिच्या मागच्या कडेच्या प्लास्टिकच्या दोन्ही जिभल्या मोडून टाका, मग तिच्यावर नवं काही भरलं जात नाही. डेकला रेकॉर्डचं बटणही असतं, आणि ते प्लेच्या अगदी शेजारी असतं.