खाण येण्याआधी विहीर मोजून ठेवायची साधने: पातळी टेप, ईसी मीटर, सामू मीटर आणि लॉगर

शेतीच्या पट्ट्यात खाण प्रस्तावित झाली की जाहीर सुनावणीत पहिला प्रश्न पाण्याचाच निघतो, आणि बहुतेक वेळा तिथेच अडकतो. शेतकरी म्हणतात विहिरी आटतील. कंपनीचा सल्लागार म्हणतो, काही होणार नाही. पुढे खरोखर विहीर आटली की उत्तर मिळते, यंदा पाऊस कमी झाला. खाणीआधीचे आकडे हातात नसतील तर या उत्तरापुढे काही बोलता येत नाही. खाणीचा पर्यावरणावरचा परिणाम मांडणाऱ्या आघात अहवालात पाण्याची मोजणी असते, पण अनेकदा ती एकाच हंगामाची आणि मोजक्याच विहिरींची असते. बाकीच्या विहिरींची नोंद गावालाच करावी लागते. त्यासाठी मिळणाऱ्या साधनांना आम्ही एकच कसोटी लावली आहे: याने घेतलेला आकडा काही वर्षांनी समोरच्या पक्षाच्या तज्ज्ञापुढे टिकेल का?

पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर पाणीपातळीची टेप घ्या. दुसरा क्रम ईसी मीटरचा, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता मोजणाऱ्या मीटरचा. सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी) मोजणारे मीटर तिसरे, आणि ते सांभाळणारा माणूस ठरला असेल तरच. विरघळलेले एकूण क्षार (टीडीएस) फक्त पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्षात किती भाग असे, दाखवणारा स्वस्त टीडीएस पेन या कामासाठी घेऊ नये.

टेप पहिली असण्याचे कारण खाणीच्या कामातच आहे. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की तो कोरडा ठेवण्यासाठी रात्रंदिवस उपसा करावा लागतो. मग भोवतालचे पाणी खड्ड्याकडे झिरपते, पातळी खड्ड्याजवळ सर्वांत खोल जाते आणि हा उतार वर्षागणिक बाहेर पसरतो. म्हणजे पाणी बिघडण्याच्या बऱ्याच आधी ते खाली जाते. कठीण खडकात पाणी भेगांतून चालत असल्याने हा परिणाम गोल पसरत नाही. भेगेच्या रेषेवरची लांबची बोअर आटते आणि खड्ड्याला लागून असलेली विहीर तशीच राहते. म्हणून फक्त जवळच्या विहिरी मोजणे चुकीचे ठरते. खड्ड्याच्या सगळ्या दिशांना, जवळ आणि लांब, दोन्हीकडे नोंद हवी.

ही टेप म्हणजे रिळावर गुंडाळलेली चपटी पट्टी. तिच्या दोन्ही कडांत तारा असतात, टोकाला धातूचा प्रोब असतो. प्रोब पाण्याला टेकला की विजेचे मंडल पूर्ण होते, भोंगा वाजतो, दिवा लागतो. पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असलेलीच घ्या. फक्त मीटरच्या खुणा असलेल्या टेपवर मधले अंतर दुसऱ्या पट्टीने मोजावे लागते आणि तिथेच चुका होतात. लांबी आपल्या भागातल्या उन्हाळी पातळीपेक्षा बरीच जास्त हवी, कारण खाण सुरू झाल्यावर पातळी आणखी खाली जाणार हेच तर तपासायचे आहे. घेतल्या घेतल्या एक गोष्ट पाहा: शून्याची खूण प्रोबच्या टोकावर आहे की आतल्या इलेक्ट्रोडच्या जागी? बादलीत प्रोब सोडून भोंगा नेमका कुठे वाजतो ते स्टीलच्या पट्टीने मोजले की उलगडा होतो.

टेपचा खरा त्रास बोअरमध्ये होतो. केसिंग (बोअरच्या तोंडाचा बाहेरचा पाइप) आणि कॉलम पाइप (पंपाचे पाणी वर आणणारा पाइप) यांच्या फटीतून प्रोब सोडताना तो पंपाच्या केबलला अडकतो, आणि जोर लावला की पट्टीतली तार तुटते. यावर उपाय म्हणजे पंप पुढच्या वेळी वर काढला की कॉलम पाइपला बांधून २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप खाली सोडणे, खालच्या भागात छिद्रे पाडून. मग टेप त्याच पाइपातून जाते. बोअरचे झाकण घट्ट वेल्ड केलेले असेल तर झाकणाला भोक पाडून बूच बसवावे लागते, आणि हे काम सुनावणीच्या घाईत होत नाही. दुसरा त्रास खोट्या आवाजाचा. वरच्या भेगेतून पाणी भिंतीवरून ओघळत असेल तर टेप ते पाणीही पाणीच मानते. अशा वेळी संवेदनशीलतेचे बटण कमी करून प्रोब आणखी खाली सोडा. आवाज थांबून पुन्हा सुरू झाला आणि मग सलग राहिला, तर ती खरी पातळी. पंपाचे तेल गळून पाण्यावर तरंगत असेल तर उलटे होते, भोंगा उशिरा वाजतो. बॅटरी साधी ९ व्होल्टची असते. मोजणीला निघण्याआधी रिळावरचे चाचणी बटण दाबून पाहा.

आकडा टिकतो तो पद्धतीमुळे. केसिंगच्या कडेवर ऑइल पेंटची खूण करा आणि कायम तिथूनच मोजा. ती खूण जमिनीपासून किती उंच आहे तेही लिहा, कारण पुढे कोणी केसिंग वाढवले तर सगळ्या नोंदी फुकट जातात. पंप आदल्या रात्रीपासून बंद ठेवून सकाळी मोजा, शेजारच्या विहिरीचाही पंप बंद हवा. चालू पंपाची पातळी ही उपशाची पातळी असते आणि विरोधी तज्ज्ञ पहिले बोट तिच्यावरच ठेवतो. प्रत्येक विहिरीत दोनदा मोजा. दोन आकड्यांत एका सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा.

टेप परवडत नसेल तर स्टीलची टेप आणि खडू हे जुने साधन आजही चालते. शेवटच्या एक मीटरला खडू फासायचा, वरच्या खुणेशी पूर्ण मीटरचा आकडा जुळेल इतकी टेप सोडायची, वर काढून ओल्या भागाची लांबी वजा करायची. अचूकतेत ती विजेच्या टेपला हार जात नाही. मात्र पातळी किती खोल आहे याचा अंदाज आधीच असावा लागतो आणि ओघळणाऱ्या पाण्यात खडू वरपासून भिजतो.

ईसी मीटरकडे वळताना टीडीएस पेन का नको ते आधी पाहू. दोन्ही साधने पाण्याची विद्युतवाहकताच मोजतात. टीडीएस पेन ती एका ठरावीक गुणकाने गुणून पीपीएम दाखवतो, आणि हा गुणक कंपनीगणिक ०.५ ते ०.७ असा बदलतो. १००० मायक्रोसीमेन्सचे पाणी एका पेनवर ५००, दुसऱ्यावर ७०० दिसते. तीन वर्षांनी पेन बदलला आणि आकडा ४० टक्क्यांनी वाढला, तर ते पाणी बिघडले की पेन बदलला? म्हणून मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर थेट दाखवणारे, २५ अंश सेल्सिअसला आपोआप दुरुस्ती करणारे आणि वापरणाऱ्याला कॅलिब्रेट करता येणारे (प्रमाणित द्रावणाशी आकडा जुळवता येणारे) मीटर घ्या. दर अंशामागे वाहकता साधारण २ टक्के बदलते, म्हणून ही दुरुस्ती नसेल तर सकाळ-दुपारचाच फरक प्रदूषण वाटेल.

कॅलिब्रेशनसाठी १४१३ मायक्रोसीमेन्सचे प्रमाणित द्रावण मिळते. मोजणीच्या दिवशी सकाळी एकदा आणि काम संपल्यावर एकदा त्यात मीटर बुडवा आणि दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहा. वापरलेले द्रावण बाटलीत परत ओतू नका. मोजताना भांडे त्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळा, मीटर बुडवून हलवा म्हणजे इलेक्ट्रोडमध्ये अडकलेला बुडबुडा सुटतो, आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. जड पाण्यात इलेक्ट्रोडवर चुन्याचा थर बसून आकडा कमी येऊ लागतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवून धुतले की थर जातो.

खाणीच्या बाबतीत हे मीटर सामू मीटरच्या आधी का, तेही सांगायला हवे. खडकातल्या पायराइटला (लोह आणि गंधकाचे खनिज) हवा आणि पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते. पण वाटेत चुनखडीयुक्त खडक किंवा माती असेल तर आम्ल तिथेच निवळते. सामू ७ च्या आसपासच राहतो, वाढतात ते सल्फेट आणि जडपणा, आणि त्यांच्यामुळे ईसी चढते. सामू ढासळतो तोवर चुना संपलेला असतो आणि वेळही निघून गेलेली असते. शेतीसाठी ईसीचा थेट उपयोगही आहे. अन्न आणि कृषी संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादांनुसार ७०० मायक्रोसीमेन्सखालचे पाणी सिंचनाला निर्धोक, ३००० च्या वर पिकांवर कडक निर्बंध. मधल्या पट्ट्यात पीक आणि जमीन पाहून ठरवावे लागते.

सामू मीटर नाजूक आहे. काचेचा गोळा कोरडा पडला की ते गेलेच समजा. टोपीत साठवणीचे द्रावण कायम हवे, आणि डिस्टिल्ड पाण्यात तर कधीच ठेवू नये. सामू ७ आणि ४ अशा दोन बफरने (ठरावीक सामूच्या द्रावणांनी) कॅलिब्रेट करा. पाणी वर काढल्यावर त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून सामू चढू लागतो, म्हणून विहिरीवरच लगेच मोजा. घरी आणलेल्या बाटलीचा सामू हा त्या विहिरीचा सामू नव्हे. नीट सांभाळले तरी गोळा वर्ष-दोन वर्षांत बदलावा लागतो. हे जमणार नसेल तर चांगल्या सामूपट्ट्या पुरतात, अर्ध्या अंकाचा फरक त्यावर कळतो.

यातले कोणतेही मीटर आर्सेनिक, शिसे, कॅडमियम दाखवत नाही. हे धातू लिटरला काही मायक्रोग्रॅम असले तरी घातक ठरतात आणि तेवढ्याने ईसी हलतसुद्धा नाही. म्हणून निवडक विहिरींचे नमुने प्रयोगशाळेत गेलेच पाहिजेत, खाण सुरू होण्याआधी, उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळा संपल्यावर. धातूंसाठीची बाटली वेगळी: पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून त्यात नायट्रिक आम्ल घातलेले हवे, नाहीतर लोह आणि त्याला चिकटलेले इतर धातू बाटलीच्या भिंतीवर बसतात आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो. सल्फेट, क्लोराइड, नायट्रेट यांच्यासाठी आम्ल न घातलेली दुसरी बाटली, बर्फात. नायट्रेटचा आकडा आधीपासून असणे विशेष महत्त्वाचे. सुरुंगाच्या अमोनियम नायट्रेटमधून ते येते आणि शेतातल्या युरियातूनही येते, त्यामुळे नंतरचा एकटा आकडा काहीच सिद्ध करत नाही. कंपनीने मोफत तपासणी देऊ केली तर घ्या, पण त्याच वेळी त्याच पाण्याच्या दुसऱ्या बाटल्या भरून स्वतंत्र प्रयोगशाळेत पाठवा.

विहिरीत बुडवून ठेवायचा दाब-लॉगर दर तासाला पातळी नोंदवतो. आटण्याचा दिवस नेमका दाखवणारे दुसरे साधन नाही. पण तो पाण्याबरोबर हवेचा दाबही मोजतो. हवेचा दाब १० हेक्टोपास्कलने बदलला की पातळीत सुमारे १० सेंटिमीटरचा खोटा फरक दिसतो. त्यामुळे गावात कुठेतरी पाण्याबाहेर ठेवलेला एक हवादाब लॉगर लागतो, आणि प्रत्येक वेळी आकडे उतरवताना टेपने पडताळणी करावी लागते. गावाने मिळून दोन-तीन मोक्याच्या विहिरींत बसवावा.

या साधनांच्या जोडीला एक पर्जन्यमापक आणि खाणीचा परिणाम पोहोचणार नाही इतक्या लांबच्या, तशाच खडकातल्या दोन-तीन विहिरी नोंदीत धराव्यात. पाऊस कमी पडला तर त्या विहिरीही उतरतील. त्या जागेवर राहिल्या आणि खाणीकडच्या उतरल्या, तर पावसाचे कारण उरत नाही. नोंद शिवलेल्या वहीत, शाईने, तारीख, वेळ, पंप कधी बंद केला, खुणेपासून खोली, ईसी, तापमान आणि दोघांच्या सह्या. खुणेशी धरलेल्या टेपचा फोटोही काढा.

निदान एका वर्षाची ही वही घेऊन सुनावणीला गेले की प्रश्न नेमके विचारता येतात. खड्डा समुद्रसपाटीपासून कितव्या मीटरपर्यंत जाणार, रोज किती घनमीटर पाणी उपसणार आणि ते कोणत्या ओढ्यात सोडणार. आणि सर्वांत महत्त्वाचे: अमुक विहिरीची पातळी त्या हंगामाच्या नोंदलेल्या पातळीपेक्षा किती मीटर खाली गेली की उपसा थांबवायचा आणि शेताला पर्यायी पाणी द्यायचे, हा आकडा मंजुरीच्या अटींत विहिरीच्या क्रमांकासह लिहून मागा. खाण बंद झाल्यावर उपसा थांबतो, खड्डा पाण्याने भरत जातो आणि पातळी सावरायला अनेक वर्षे लागू शकतात. पर्यायी पाण्याची अट तोपर्यंत लागू राहील असेही त्यात लिहिलेले हवे.