बंदिस्त शेवट की खुला?

बंदिस्त शेवटात कथेने उभा केलेला मुख्य प्रश्न मिटतो: खुनी सापडतो, लग्न ठरतं, माणूस मरतो. वाचक मागे जाऊन सुटे धागे जुळवतो. असा शेवट फसतो तो उत्तर बाहेरून आणल्यामुळे. शेवटच्या १० पानांत अचानक मृत्युपत्र उगवलं, तर आधीचं सगळं वाचलं कशाला, असं वाटणारच.

खुल्या शेवटात घटना थांबते, अर्थ लावणं चालू राहतं. पण खुला म्हणजे अर्धवट नव्हे. प्रत्येक शक्यतेचे पुरावे मजकुरात आधीच पेरलेले हवेत.

इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीत हा फरक जवळून दिसतो. कथा सांगणाऱ्या पिपचं लहानपणापासून एस्टेलावर प्रेम असतं. मूळ शेवटात एस्टेलाने दुसरं लग्न केलेलं असतं; पिप तिला लंडनच्या रस्त्यावर ओझरता भेटतो, विषय संपतो. कादंबरीकार मित्र बुल्वर-लिटनच्या सल्ल्यावरून डिकन्सने १८६१ मध्ये तो बदलला. नव्या शेवटात पिप आणि एस्टेला, ती जिथे वाढली त्या पाडलेल्या वाड्याच्या जागी भेटतात, पिप तिचा हात हातात घेतो आणि पुढे ताटातूट त्याला दिसत नाही. सुखान्त म्हणून ओळखला जाणारा हा शेवटच मला अधिक खुला वाटतो. ताटातूट होणार नाही, हा निवेदकाचा अंदाज आहे, घडलेली गोष्ट नाही. आणि पिपचे अंदाज किती चुकतात हे आपण कादंबरीभर पाहिलेलं असतं. दुःखी मूळ शेवट मात्र पक्का बंद.

खुला शेवट खटकला, तर आधी निवेदक कोण आणि त्याला कितपत माहीत आहे, हे तपासावं.